मॅलाहाइडच्या गाई

आयर्लंडमध्ये नव्यानं आलेल्या माणसाला मी एकच सल्ला देतो. छत्री विकत घेऊ नका. इथला पाऊस वरून पडत नाही, बाजूनं येतो. छत्री पहिल्याच झोतात उलटी होऊन कमळासारखी उमलते आणि मग ते कमळ हातात धरून आपण भर रस्त्यात लक्ष्मीसारखे उभे राहतो. त्यापेक्षा पाऊस आला की जे दार उघडं दिसेल त्यात शिरावं हे उत्तम. इथले लोक अशा वेळी पबात शिरतात. एका शनिवारी मला पावसानं गाठलं ते डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरपाशी, आणि समोर उघडं दार होतं ते नॅशनल गॅलरीचं. आत जायला तिकीट नाही हे कळल्यावर माझ्यातला कोल्हापूरकर खूश झाला.

चित्रकलेशी अस्मादिकांचा संबंध एवढाच की शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यातल्या दुसरीत 'सी' ग्रेड मिळाली. पुढं इंजिनियरिंगला ड्रॉइंग होतं, पण त्यात नटबोल्ट काढायचे असतात आणि नटबोल्टाला भाव नसतात. त्यामुळे गॅलरीत मी आपला ओला कोट सांभाळत, एकेका चित्रासमोर लोक थांबतात तितकाच वेळ थांबत, पुढं सरकत होतो.

आणि एका चित्रासमोर थांबलो तो थांबलोच.

चित्रात विशेष काहीच नव्हतं. सपाट हिरवं कुरण. त्यात चरणाऱ्या गाई, तांबूस आणि पांढऱ्या. क्षितिज खाली ठेवलेलं आणि वर अर्ध्याहून जास्त चित्रभर नुसतं आभाळ. ढग असे की आता दहा मिनिटांत येणारच. माणूस कुठं दिसला नाही. गुराखी नाही, घर नाही, चूल नाही. खाली पाटी: 'पास्चर्स अॅट मॅलाहाइड', नॅथनियल होन, धाकटा.

माझ्या मनात आलेला पहिला विचार अगदीच अडाणी होता. यात बैल कुठं आहेत?

हा विचार येण्याला कारण होतं. त्याच्या दीड महिना आधी आमच्या गोठ्यातली शेवटची बैलजोडी विकली होती. ते पुढं सांगतो.

घरी येऊन या होनसाहेबांची चौकशी केली आणि उडालोच. हा गृहस्थ इंजिनियर होता! जन्म १८३१, डब्लिनमधलाच. ट्रिनिटी कॉलेजात इंजिनियरिंगचं शिक्षण १८४१ मध्ये सुरू झालं, म्हणजे हा अगदी सुरुवातीच्या तुकड्यांमधला. शिकून झाल्यावर मिडलंड ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीत लागला. डब्लिनहून पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेपर्यंत लोहमार्ग टाकणारी ही कंपनी. १८५१ मध्ये गाडी गॉलवेला पोचली. त्या काळात रेल्वे इंजिनियर म्हणजे आजचा सॉफ्टवेअरवाला समजा, लग्नाच्या बाजारात एक नंबर. पण या पोरानं थोडे दिवस नोकरी केली आणि १८५३ मध्ये सोडून दिली. चित्रकार व्हायला पॅरिसला गेला. गंमत बघा, त्याच १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली आगगाडी निघाली. सगळं जग रेल्वेत चढत होतं तेव्हा हा उतरत होता.

मी लगेच ही कहाणी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकली. आमच्या बॅचचे साठ इंजिनियर जगभर विखुरलेत आणि त्यातल्या किमान चाळिसांना नोकरी सोडून दुसरंच काहीतरी करायचंय. कुणाला हॉटेल काढायचंय, कुणाला कोकणात आंब्याची बाग घ्यायचीय. त्यामुळे अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. 'याला म्हणतात जिगर', 'मनाचं ऐकावं माणसानं', वगैरे वगैरे. फक्त पुण्यातल्या एका मित्रानं, ज्यानं नुकताच फ्लॅट घेतलाय, एक ओळ लिहिली, "ते सगळं ठीक आहे रे. पण याचे हप्ते कोण भरत होतं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न रास्त होता, आणि संशोधन हा माझा पोटाचा धंदा असल्यामुळे मी उत्तर शोधायला बसलो.

होन पॅरिसला गेला तेव्हा बाविशीच्या आतला होता. आधी इव्हों आणि मग कुत्यूर या चित्रकारांच्या स्टुडिओत शिकला. कुत्यूरच्या स्टुडिओत त्याच वर्षांत माने हाही विद्यार्थी होता, ज्यानं पुढं चित्रकलेचा सगळा नकाशाच बदलला. होननं काही नकाशा बदलला नाही. तो पॅरिस सोडून बार्बिझों नावाच्या खेड्यात जाऊन राहिला. पॅरिसपासून साठेक किलोमीटरवर फोंतेनब्लोचं मोठं जंगल आहे, त्याच्या काठावरचं हे गाव. तिथं काही चित्रकारांनी बिऱ्हाड केलं होतं. देवदेवता, राजे, लढाया असले भारदस्त विषय सोडून ही मंडळी झाडं, शेतं आणि गुरं रंगवत होती. त्र्वायों गाई रंगवायचा, शार्ल जाक मेंढ्या. मिले १८४९ पासून तिथंच राहत होता आणि कष्टकरी शेतकरी रंगवत होता. मिले आणि आर्पिन्यी यांच्याशी होनची ओळख झाली.

यातही इंजिनियरिंग कसं लपलंय पाहा. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकारानं रंग भरायच्या कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. त्याआधी तेलरंग घोटून जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवायचे. ते घेऊन रानात कोण हिंडणार? टूथपेस्टसारखी नळी आली आणि चित्रकार घराबाहेर पडला. १८४९ मध्ये रेल्वे फोंतेनब्लोपर्यंत गेली आणि तो पॅरिसबाहेरही पडला. तेव्हा आमच्या होननं रेल्वे सोडली असं जे मी वर म्हटलं ते तितकंसं खरं नाही. रेल्वेनं त्याला सोडलं नव्हतं.

१८६० च्या दशकात पॅरिसच्या 'सलों' प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. मग १८७२ मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी, तो आयर्लंडला परत आला. वय चाळीस. त्याच वर्षी लग्न केलं. मुलगी जेमसन घराण्यातली. हो, तेच ते, बाटलीवाले जेमसन. आणि डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकाठच्या मॅलाहाइडला शेती करत राहिला. पुढं जवळच्याच एका मोठ्या घरात गेला. १८८० मध्ये रॉयल हायबर्नियन अकॅडमीचा सभासद झाला, १८९४ मध्ये तिथं चित्रकलेचा प्राध्यापक. पण चित्रं विकण्याच्या भानगडीत फारसा पडला नाही. पडायची गरजच नव्हती. बाप व्यापारी, शिवाय ज्या रेल्वेत पोरगा नोकरीला लागला त्याच कंपनीचा संचालक. पणजोबांच्या पिढीत लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापकांपैकी एक चित्रकार होऊन गेला होता, त्याचंही नाव नॅथनियल होन. म्हणून तर हा 'धाकटा'.

तर मित्रा, मिळालं उत्तर? हप्ते बापानं भरले, आणि पुढं जमिनीनं.

हे कळल्यावर मी थोडा हिरमुसलो. ग्रुपवर लिहायचं टाळलं. लोकांच्या टाळ्या परत कशा घेणार?

उलट बाजूचा एक चित्रकारही मला माहीत होता. काही वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी मिलानला गेलो होतो. दुपारचं सत्र चुकवून ब्रेरा नावाचं संग्रहालय पाहिलं. (माझे गाइड हे वाचणार नाहीत, मराठी येत नाही त्यांना.) तिथं जोव्हानी फात्तोरी या इटालियन चित्रकाराचं १८८७ चं चित्र आहे. जू उतरवलेले पांढरे बैल, लाल गाडी आणि शेजारी टेकून बसलेला शेतकरी. तस्कनीच्या मारेम्मा भागातले बैल ते, लांबलचक शिंगांचे. मी पाहिलं आणि नकळत तोंडातून निघालं, "आयला, खिलार!" शेजारच्या जपानी बाई दचकल्या. खिलार अर्थातच नव्हेत, त्यांना वशिंड नसतं. पण उन्हात दमून थांबलेल्या बैलाची नजर जगात सगळीकडे सारखीच असावी. फात्तोरी लिव्होर्नोचा. १८२५ ते १९०८ असं दीर्घ आयुष्य मिळालं, फ्लॉरेन्सच्या अकॅडमीत शिकवायचा, आणि तरी पैशाची चणचण जन्मभर राहिली. त्यानंही गुरं रंगवली, घोडे रंगवले, पण त्याच्या चित्रात गुरांबरोबर राबणारा माणूस असतो. होनच्या कुरणात माणूस नाही.

हे माणूस नसणं मला छळत राहिलं. म्हणून एका रविवारी गाडीत बसून मॅलाहाइडला गेलो.

मॅलाहाइड आता डब्लिनचं श्रीमंत उपनगर आहे. खाडी, शिडाच्या होड्या, जुना किल्ला, आइस्क्रीमच्या रांगा. पण स्टेशनापासून लांब चालत गेलं की कुंपणांच्या आड अजून शेतं लागतात, आणि वर ते होनचं आभाळ जसंच्या तसं आहे. एका फाटकाला टेकून उभा राहिलो. आत पंधरावीस कालवडी होत्या. सगळ्या चरायचं थांबून माझ्याकडे बघायला लागल्या, आणि मग एकेक पाऊल टाकत फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे आणि त्या माझ्याकडे. जवळपास दुसरं कुणी नव्हतं. अर्धा तास झाला, तास झाला, एकही माणूस फिरकला नाही. आमच्याकडे एवढी जनावरं रानात असती तर किमान एक म्हातारा आणि दोन पोरं तिथं असतीच, आणि "कोण पावणं? कुणीकडचं?" हा प्रश्न पाचव्या मिनिटाला आला असता.

मग लक्षात आलं की हे रिकामेपण चित्रकारानं आणलेलं नाही. ते त्याच्याआधीच आलं होतं. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या जवळजवळ ८२ लाख होती. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथींनी मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि हे जाणं पुढं थांबलंच नाही. १९०१ मध्ये मोजदाद झाली तेव्हा ४५ लाख उरली होती. त्याच साठ वर्षांत गुरांची संख्या दुपटीहून जास्त झाली आणि माणसांना मागं टाकून गेली. कारण अगदी सरळ आहे. धान्य पिकवायला माणसं लागतात, गवताला लागत नाहीत. इंग्लंडच्या गिरण्यांमधल्या लोकांना मांस हवं होतं, आगबोटी आणि रेल्वे ते पोचवू शकत होत्या. जमीनदारानं हिशेब केला, दहा कुळांपेक्षा एक कुरण परवडतं. कुळं गेली, भिंती पडल्या, गवत आलं. पश्चिमेकडच्या बॅलिनस्लोच्या बाजारातली गुरं डब्लिनच्या बंदराकडे कुठली रेल्वे आणत होती? मिडलंड ग्रेट वेस्टर्न. होनची जुनी कंपनी.

मॅलाहाइडच्या आसपासची जमीन सुपीक आणि राजधानीला लागून, तिथली गोष्ट पश्चिमेइतकी भीषण नव्हती हे खरं. होननं कुणाला हाकललं असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण १८७९ मध्ये पश्चिमेला मेयोत कुळांची लँड लीग उभी राहिली, तिथल्याच कॅप्टन बॉयकॉटच्या नावावरून १८८० मध्ये जगाला एक नवा शब्द मिळाला, आणि त्याच वर्षांत हा माणूस इथं शांतपणे गाई आणि ढग रंगवत होता. त्याला कुरण जसं दिसलं तसं त्यानं काढलं. हिशेब आधीच कुणीतरी करून ठेवला होता.

आणि हिशेब म्हटल्यावर मला आमची बैलजोडी सांगणं भाग आहे.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, शेत ऊस आणि थोडं भुईमूग, सोयाबीन. लहानपणी दावणीला दोन बैल, दोन म्हशी आणि एखादं रेडकू असायचंच. थंडी पडली की अण्णा बैलगाडीनं कारखान्यावर ऊस वाहायचे. मी इंजिनियरिंगला लागलो तेव्हा पहिल्या दोन वर्षांची फी त्या वेळच्या जोडीनं ओढली. ती जोडी म्हातारी झाल्यावर अण्णांनी नवी खोंडं आणली, हरण्या आणि पाखऱ्या. ती मी फारशी पाहिलीच नाहीत. दोन-तीन वर्षांतून तीन आठवडे जाणार, त्यात निम्मे दिवस लग्नकार्यात आणि बँकेत.

गेल्या वर्षी अण्णांचा गुडघा बिघडला. वैरण आणायची, शेण काढायचं, धारा आईनं काढायच्या. गडी मिळत नाही. मी इथून फोनवर मार्गदर्शन करायला लागलो. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं, पण मी एक्सेल शीट केली. वैरण, पेंड, डॉक्टर, नाल ठोकणं, गड्याचा पगार एका रकान्यात. ट्रॅक्टरचं तासाचं भाडं दुसऱ्या रकान्यात. जोडीला वर्षात जेमतेम चाळीस दिवस काम होतं. उत्तर इतकं स्वच्छ निघालं की मला आनंद झाला. व्हिडिओ कॉलवर अण्णांना ती शीट दाखवली. आकडे पिवळ्या रंगात ठळक केले होते.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तू शिकलेला हाईस. तू म्हणतोस तर दिऊन टाकू."

ओळखीच्या शेतकऱ्याला दिले, चार पैसे कमी घेऊन, म्हणजे तो नीट सांभाळील. गाडीत चढवताना पाखऱ्या अडला. अण्णांनी पाठीवर हात ठेवल्यावर चढला. हे मला आईनं सांगितलं, त्यांनी नाही. पुढं बेंदूर आला. आमच्याकडे पोळा नसतो, बेंदूर असतो. रिकाम्या दावणीपाशी पाट मांडून मातीच्या बैलांची पूजा झाली. अण्णा पुरणपोळी न खाताच उठले, "पोटात बरं न्हाई" म्हणाले. हेही आईनंच सांगितलं.

हिशेब चुकीचा होता का? नाही. मी पुन्हा तपासला. आजही बरोबरच आहे. अण्णांचा गुडघा आता जरा बरा आहे, आईला पहाटे उठावं लागत नाही. मला उद्या पुन्हा विचारलं तरी मी हेच सांगेन. पण मॅलाहाइडच्या फाटकाशी उभं राहून मला पहिल्यांदाच वाटलं की डब्लिनमधल्या एखाद्या कचेरीत बसून, शेत न बघता, दोन रकाने मांडणारे माझ्याआधीही होऊन गेलेत. आणि त्यांचेही आकडे बरोबरच असणार.

त्या रात्री मी आईला फोन करून हरण्या-पाखऱ्याचा एखादा फोटो पाठव म्हणून सांगितलं. आईनं मोबाइल धुंडाळला. भाच्याचे तीनशे फोटो. गणपतीचे चाळीस. चुलत्यांच्या नव्या ट्रॅक्टरचे, हार घातलेले, सव्वीस. बैलांचा एकही नाही. ताईच्या मुलाच्या वाढदिवसाच्या एका फोटोत मागं एक शिंग दिसतं, तेही कुणाचं ते आईला सांगता येईना.

होनच्या बाबतीत उलटं झालं. १९०१ मध्ये सेरा पर्सर या चित्रकर्तीनं पुढाकार घेऊन त्याचं आणि जॉन येट्सचं, म्हणजे कवी येट्सच्या वडिलांचं, एकत्र प्रदर्शन डब्लिनमध्ये भरवलं. तेव्हा होन सत्तरीला टेकला होता. ते पाहायला ह्यू लेन नावाचा तरुण आला होता. इथं आधुनिक चित्रांचं संग्रहालय हवं हे त्याच्या मनानं घेतलं, आणि १९०८ मध्ये ते उघडलंही. होन १९१७ मध्ये गेला. त्याच्या बायकोच्या मृत्युपत्रानुसार १९१९ मध्ये त्याची शेकडो तैलचित्रं आणि शेकडो जलरंगातली चित्रं नॅशनल गॅलरीला मिळाली. परत आल्यावर पंचेचाळीस वर्षं तो जगला, आणि त्यातली बरीचशी त्याच पाचसहा मैलांतली कुरणं, तोच समुद्रकिनारा, तीच गुरं बघण्यात घालवली. कुणी मागितली नव्हती ती चित्रं. पण आहेत.

आमच्या कोल्हापूरचे आबालाल रहिमानही असेच. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये नाव काढलेला हा माणूस घरी परतला, आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट रंगवत १९३१ मध्ये गेला. शाहू महाराजांचा आश्रय होता, पण मागं होनसारखा वाडा नव्हता. आबालालांचं पुष्कळसं काम नाहीसं झालं. जे उरलं त्यातलं काही टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. मी शाळेच्या सहलीत ते पाहिलंय म्हणे. मला फक्त बाहेरच्या तोफा आठवतात.

म्हणजे बघणारे दोघेही होते. एकाचं टिकलं, एकाचं विखुरलं, आणि त्यात पैशाचा भाग मोठा होता, हे मला माझ्या त्या पुण्याच्या मित्राला सांगायचं होतं. तरी एक गोष्ट मात्र पैशाशिवायही झाली असती. एवढ्या वर्षांत, दर सुट्टीत, मी गोठ्यात पाच मिनिटं उभा राहिलो असतो, तर मोबाइल माझ्याकडेही होता.

परवाच्या रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल केला आणि होनचं ते चित्र दाखवलं. मला वाटलं, "बरं हाय" म्हणून सोडून देतील. त्यांनी चष्मा मागवला.

"गाई हायत न्हवं?"

"होय."

"वैरण झकास हाय. पाऊस बी जवळच आलाय. राखायला कोन हाय?"

"कुणी नाही अण्णा. इथं कुंपण घालतात आणि सोडून देतात."

"कुनीच न्हाई?" त्यांना पटेना. "चित्र काढनारा हुता की. त्योच राखत असंल." मग जरा थांबून म्हणाले, "नावं काय गाईंची?"

मी खालची पाटी डोळ्यांसमोर आणली. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, जन्म, मृत्यू. मी म्हटलं, "ते लिहिलेलं नाही."

"असं कसं?" अण्णा म्हणाले. "एवढं बसून काढलंय, आन् नावं न्हाई लिवली?"

मग मी धीर करून विचारलं, "अण्णा, हरण्या दिसायला कसा होता?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग सांगायला लागले. मी ऑफिसची वही ओढली. हरण्या पांढरा, पण मानेवर आणि पुढच्या खांद्यावर करडी झाक. शिंगं मागं गेलेली, उजव्याला टोकाजवळ चीर, लहानपणी झाडात अडकून पडलेली. कपाळावर भोवरा, मधोमध, शुभ असतो तसा. पोळी कमी. शेपटीचा गोंडा काळाभोर आणि मागच्या डाव्या खुराच्या वर एक पांढरा डाग, हा डाग घेताना दिसला नव्हता, घरी आणून धुतल्यावर दिसला. पाणी पिताना आधी फुंकर घालायचा. मी विचारलं, उंची किती? ते उभे राहिले, गुडघा दुखतोय हे विसरून, आणि हात छातीशी आडवा धरून दाखवला. मी लिहीत गेलो. शेवटी एक आकृती पण काढली. आता मी पडलो इंजिनियर, त्यामुळे ती समोरून, बाजूनं आणि वरून अशा तीन दृश्यांत निघाली. वरून काढलेला बैल फारच विनोदी दिसतो. कॅमेऱ्यासमोर धरली तर अण्णा खो खो हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

"शिंगं चुकल्याती," म्हणाले. "आनखी मागं घे."

मी खोडून मागं घेतली.

असं चाळीस मिनिटं चाललं. तिकडं साडेदहा वाजून गेले होते, आई मागून जेवणाची भांडी आवरून झोपायला चला म्हणत होती. पाखऱ्याचं निम्मं सांगून झालं होतं. अण्णांनी चष्मा काढला, डोळे पुसले, फोन आईकडे देता देता परत स्वतःकडे वळवला आणि म्हणाले,

"पाखऱ्याच्या डाव्या कानाचं ऱ्हायलं. ते उद्या सांगतो."